दुखण्याची गोळी औषधांत मोजावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संधिवाताच्या दुखण्यासाठी डॉक्टर सूज उतरवणारी जी वेदनाशामक औषधे लिहून देतात, ती घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्र लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. मला गेली चौदा वर्षे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो तो आजार आहे, आणि या चौदा वर्षांत ही औषधे मला अनेकदा घ्यावी लागली आहेत. सकाळी बोटे मिटत नसत, कपड्याचे बटण लावता येत नसे, अशा दिवसांत त्यांनीच मला उभे ठेवले, म्हणून त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही गेल्या वर्षी यांतल्याच एका गोळीमुळे माझ्या थोरल्या भावाची मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ आली होती, आणि ती गोळी त्यांना मी दिली होती.

दादांचे वय ६८ वर्षे. उजव्या गुडघ्याची झीज झालेली, आणि रक्तदाबासाठी दोन औषधे चालू, एक रामिप्रिल आणि दुसरे लघवी वाढवून शरीरातले जादा पाणी काढणारे. गुडघा सुजून जिना उतरणे अवघड झाले, तेव्हा मी माझ्या डब्यातली नॅप्रोक्सेनची ५०० मिलिग्रॅमची पट्टी त्यांच्या हातात ठेवली आणि सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर, असे सांगितले. माझ्या डॉक्टरांनी मला जे सांगितले होते तेच मी त्यांना शब्दशः सांगितले, त्यामुळे आपण काही चुकीचे करत आहोत असे मला क्षणभरही वाटले नाही. तीन दिवसांत त्यांना इतका आराम पडला की पहिली पट्टी संपल्यावर त्यांनी तीच दाखवून आणखी गोळ्या आणवल्या.

पाचव्या आठवड्यात पावलांवर सूज दिसू लागली आणि रक्तदाब, जो नेहमी १३०च्या आसपास असे, तो १६०वर गेला. नेहमीच्या डॉक्टरांनी औषधांत काही बदल झाला आहे का असे विचारले, आणि दादा नाही म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी औषधे म्हणजे रक्तदाबाची ती दोन. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी ही नुसती दुखण्याची गोळी. साहजिकच डॉक्टरांनी सूज आणि रक्तदाब पाहून पाणी काढणाऱ्या गोळीचे प्रमाण वाढवले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्यांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. औषध चुकवायचे नाही हा त्यांचा शिरस्ता असल्यामुळे त्या दोन दिवसांतही त्यांनी सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली, बोलण्यात विसंगती येऊ लागली, आणि रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, ४.१ निघाले. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत ते १.१ होते.

दाखल करून घेणाऱ्या तरुण डॉक्टरबाईंनी कोणती औषधे चालू आहेत असे विचारले, तेव्हा आम्ही दोघांनीही पुन्हा रक्तदाबाचीच नावे सांगितली. मग त्यांनी वेगळा प्रश्न केला, "कुठे दुखत असेल तर त्यासाठी काही घेता का?" तेव्हा कुठे नॅप्रोक्सेनचे नाव निघाले. ती गोळी, रामिप्रिल आणि पाणी काढणारी गोळी अशी तिन्ही औषधे ताबडतोब थांबवण्यात आली, शिरेतून द्रव देण्यात आले, आणि डायलिसिस करावे लागेल या भीतीत दोन दिवस काढल्यावर लघवी पुन्हा सुरू झाली. आज त्यांचे क्रिएटिनिन १.३ आहे. म्हणजे ते बरे झाले, पण अगदी पूर्ववत नाही.

त्या दोन दिवसांत मी जे विचारत आणि वाचत गेले, त्याचा उपयोग आपल्या वाचकांना व्हावा अशी माझी इच्छा आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिन, पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही नावे वेगवेगळी दिसली, तरी औषधांचे घराणे एकच. ही औषधे नेमके काय करतात हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले. शरीरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात, त्यांच्यामुळे सांध्यात सूज, उष्णता आणि ठणका निर्माण होतो, आणि या गोळ्या ती द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत. या संशोधनासाठी व्हेन यांना बेर्गस्ट्रम आणि सॅम्युएल्सन या स्वीडिश शास्त्रज्ञांसह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तीच प्रोस्टाग्लँडिने शरीरात इतरत्र राखणदाराचे काम करतात, हा या कथेचा दुसरा भाग आहे, आणि तो चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा थर टिकवणे, त्या अस्तराला रक्त पुरवणे, मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या उघड्या ठेवणे, ही सारी त्यांचीच कामे. गोळीला गुडघा कोणता आणि मूत्रपिंड कोणते हे कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडे सारखेच काम करते.

दादांच्या बाबतीत काय झाले ते या माहितीच्या आधारे सहज समजते. मूत्रपिंडातली प्रत्येक गाळणी दाबावर चालते. रक्त आत आणणारी वाहिनी पुरेशी उघडी आणि बाहेर नेणारी थोडी आवळलेली असेल, तरच तो दाब टिकतो. नॅप्रोक्सेनने आत येणारी वाहिनी आवळली, रामिप्रिलने बाहेर जाणारी सैल केली, पाणी काढणाऱ्या गोळीने मुळात रक्तातले द्रवच कमी केले, आणि जुलाबांनी उरलेसुरले पाणी नेले. रामिप्रिलच्या वर्गातल्या किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन यांच्या वर्गातल्या गोळ्या, पाणी काढणाऱ्या गोळ्या आणि ही दाहशामके, म्हणजे सूज उतरवणारी वेदनाशामके, या तिन्हींचे एकत्र येणे धोक्याचे असते हे वैद्यकशास्त्राला अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. यांतली दोन औषधे पुष्कळदा एकाच रक्तदाबाच्या गोळीत एकत्र असतात, त्यामुळे रुग्णाला आपण एकच गोळी घेतो असे वाटत राहते. या दाहशामकांनी शरीरात मीठ आणि पाणी साठून राहते, पाय सुजतात, रक्तदाबाच्या औषधांचा गुण कमी होतो, हेही मला तेव्हाच कळले. म्हणजे दादांच्या पावलांची सूज आणि वाढलेला रक्तदाब हे दोन्ही आमच्यासाठी इशारेच होते, पण इशारा देणारी गोळीच यादीत नसल्यामुळे त्यांवर आणखी एका औषधाची भर पडली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, कारण त्यांना जे सांगितले गेले त्यावरून त्यांनी योग्यच निर्णय घेतला होता.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत कळकळीचे सांगणे हे आहे, की दुखण्याची गोळी हे औषध आहे असे आपण धरून चालावे. औषधांच्या यादीत ती मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळीइतकीच ठळकपणे लिहावी, आणि दंतवैद्यापासून शस्त्रक्रिया करणाऱ्यापर्यंत प्रत्येक डॉक्टरला, विचारले नाही तरी, सांगावी. यादीत विकायचे नाव लिहून भागत नाही. त्याखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ द्रव्याचे नाव लिहावे लागते, कारण एकच डायक्लोफेनॅक किती तरी नावांनी मिळते. पाठीसाठी एका डॉक्टरांनी दिलेली आणि दातासाठी दुसऱ्यांनी दिलेली गोळी नावाने निराळी आणि आतून एकच असू शकते, किंवा आतून निराळी पण त्याच घराण्यातली असू शकते. या घराण्यातल्या दोन गोळ्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. एका गोळीचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवण्याचेही तसेच आहे. एका मर्यादेनंतर दुखणे आणखी कमी होत नाही, आणि पोटाला व मूत्रपिंडांना होणारा त्रास वाढतच जातो. नॅप्रोक्सेनसारखी गोळी घेतल्यावर बारा तासांनंतरही तिचा जवळपास निम्मा अंश रक्तात असतो. त्यामुळे रात्री दुखले म्हणून आणखी एक घेणारा माणूस आधीच्या गोळीवरच दुसरी चढवत असतो. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत, हेही त्याच कारणासाठी.

पोटाविषयी लोकांना थोडीफार माहिती असते, पण त्या माहितीतच मोठा गैरसमज दडलेला आहे. ही गोळी उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर घेतली की झाले, असे सर्वांनाच वाटते. मलाही वाटत असे. जेवणानंतर घेतल्याने जळजळ आणि मळमळ कमी होते हे खरे, परंतु व्रण, म्हणजे अल्सर, होण्याचा धोका त्याने टळतो असे नाही, कारण मुख्य हानी गोळी अस्तराला टेकल्याने होत नाही, ती रक्तात मिसळल्यावर प्रोस्टाग्लँडिन बंद पडल्याने होते. आतड्यात जाऊन विरघळणारे आवरण असलेली गोळी, इंजेक्शन किंवा गुदद्वारात ठेवायची बत्ती यांनीही पोट सुरक्षित राहत नाही ते याचमुळे. या औषधांच्या अधिकृत माहितीपत्रकात नमूद केले आहे, की तीन ते सहा महिने ती घेणाऱ्यांपैकी सुमारे एक टक्का आणि वर्षभर घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन ते चार टक्के लोकांना जठराचा किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा व्रण, मोठा रक्तस्राव किंवा छिद्र पडणे यांपैकी काही तरी होते, आणि ज्यांना असा गंभीर त्रास होतो त्यांतल्या पाचांपैकी एकालाच आधी काही लक्षण जाणवलेले असते. पोट दुखत नाही म्हणजे पोट ठीक आहे, असे या औषधांच्या बाबतीत मानता येत नाही. वृद्धांमध्ये तर पहिले लक्षणच काळी, डांबरासारखी चिकट शौच किंवा अचानक आलेली चक्कर हे असू शकते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो म्हणून पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात, परंतु दाहशामके चालू असताना शौचाचा रंग बदलला तर स्वतः निष्कर्ष काढत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

वय ६५च्या पुढे असेल, पूर्वी कधी अल्सर झाला असेल, हृदयासाठी कमी प्रमाणातली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, वॉरफरिनसारखे रक्त गोठू न देणारे औषध असेल, स्टिरॉइड असेल, किंवा नैराश्यावरची काही औषधे चालू असतील, तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. दारूनेही तो वाढतो. अशा रुग्णांना दाहशामक द्यावेच लागले तर डॉक्टर सोबत ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायची असते. पुष्कळ लोक ती आणि वेदनाशामक एकत्रच जेवणानंतर घेतात, आणि काही जण तर जळजळ होत नाही म्हणून तीच आधी सोडतात. ती जळजळीसाठी दिलेली नसते, न कळता होणाऱ्या व्रणासाठी दिलेली असते. तिचेही संरक्षण जठरापुरते आणि त्याला लागून असलेल्या आतड्यापुरते असते. खालच्या आतड्याला आणि मूत्रपिंडांना तिचा उपयोग नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे अल्सर होतो, हे शोधून काढल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. हा जिवाणू पोटात असेल आणि वर ही औषधे सुरू झाली, तर धोका आणखी वाढतो. म्हणून पूर्वी अल्सर झालेल्या व्यक्तीला ही औषधे दीर्घकाळ द्यायची असतील तर त्या जिवाणूची तपासणी आधी करून घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

ॲस्पिरिनविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने त्याआधी आयब्युप्रोफेन घेतले, तर रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) ॲस्पिरिनला जिथे काम करायचे असते ती जागा आयब्युप्रोफेन अडवून बसते, आणि हृदयाचे संरक्षण कमी होते. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेली गोळी हृदयाच्या गोळीला निष्प्रभ करते, आणि हे कोणत्याही लक्षणावरून कळत नाही. अशा रुग्णाने दोन्ही औषधांच्या वेळा स्वतः न ठरवता डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

हृदयाच्या बाबतीत तर खुद्द वैद्यकविश्वालाही फार उशिरा जाग आली. जठराला कमी त्रास देणारी म्हणून कॉक्सिब वर्गाची औषधे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली, तेव्हा माझ्यासारख्या रुग्णांना त्यांच्याविषयी किती आशा वाटली असेल याची मी कल्पना करू शकते. त्यांतले रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये बाजारात आले आणि सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले, कारण ते दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात अधिक आढळले. त्यानंतर जुन्या औषधांचीही तपासणी झाली. २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शेकडो चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉक्सिब किंवा जास्त प्रमाणातले डायक्लोफेनॅक वर्षभर घेणाऱ्या दर हजार लोकांमागे सुमारे तिघांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा असा गंभीर झटका येतो, जो एरवी आला नसता, असे त्यातून दिसले. नॅप्रोक्सेनमध्ये हा धोका वाढलेला आढळला नाही, पण जठराचा त्रास त्याने बराच वाढतो. हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण मात्र या घराण्यातल्या सर्वच प्रकारांनी साधारण दुप्पट होते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये आपला इशारा अधिक कडक करताना, हा धोका औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतही संभवतो आणि प्रमाण व मुदत वाढेल तसा वाढतो, असे स्पष्ट केले. थोड्याच दिवसांसाठी घेतो आहोत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, विशेषतः पूर्वी झटका येऊन गेला असेल तर.

हे आकडे वाचून कोणी आपली गोळी उद्यापासून बंद करावी, असे मला अजिबात वाटत नाही. हजारात तीन म्हणजे नऊशे सत्त्याण्णव जणांना तसे काही झाले नाही, आणि त्या नऊशे सत्त्याण्णव जणांचे दुखणे खरे होते. दुखण्यामुळे झोप जाते, हालचाल थांबते, स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या स्नायूंचा सांधा आणखी दुखतो. हे मी सोसले आहे. दुखणे निमूटपणे सहन करण्याला कोणी सहनशीलता म्हणत असेल, तर मला ते मान्य नाही. प्रश्न एवढाच आहे, की कोणत्या माणसाला, कोणती गोळी, किती कमी प्रमाणात आणि किती थोडे दिवस पुरेल. ज्याचे पोट नाजूक आणि हृदय ठणठणीत आहे त्याच्यासाठी एक औषध बरे, ज्याचे हृदय दुखावलेले आहे त्याच्यासाठी दुसरे, आणि ज्याचे मूत्रपिंड निम्म्याहून कमी काम करते त्याच्यासाठी बहुधा यांतले कोणतेच नाही. जे नॅप्रोक्सेन मला मानवते ते दादांना मानवेल असे मी गृहीत धरले, तेव्हा या निवडीमागे काही विचार असतो हेच मी विसरले होते.

चिठ्ठीवर दिवसातून किती वेळा हे नेहमी लिहिलेले असते, कधीपर्यंत हे मात्र लिहिलेले असतेच असे नाही, आणि लिहिलेले असले तरी रुग्ण ते पाळत नाही. दहा दिवसांची चिठ्ठी वर्षभर पाकिटात राहते आणि तिच्यावर गोळ्या येत राहतात. डॉक्टरांना माझी नम्र विनंती आहे, की या औषधांपुढे थांबण्याची तारीख लिहावी, आणि औषधे विचारताना दुखण्याच्या गोळीविषयी वेगळा प्रश्न करावा, कारण तो वेगळा विचारल्याशिवाय आमच्यासारख्यांच्या तोंडून उत्तर निघत नाही. ज्यांना ही औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, त्यांचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन सुरुवातीला व नंतर ठरावीक काळाने तपासले पाहिजे. नकळत थोडे थोडे रक्त जात असेल तर ते हिमोग्लोबिन घसरण्यावरूनच प्रथम लक्षात येते.

आमवाताच्या रुग्णांना वेगळे सांगायला हवे, कारण त्यांची फसगत वेगळ्या प्रकारे होते. दाहशामकाने सूज उतरते, कडकपणा कमी होतो, आणि आजार आटोक्यात आला असे वाटू लागते, पण आत सांध्याची हाडे आणि त्यांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा कुरतडली जाणे त्याने थांबत नाही. ते थांबवण्याचे काम मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचे आहे, आणि त्यांचा गुण दिसायला कित्येक आठवडे लागतात. पहिल्या वर्षी मी नेमकी उलटी चूक केली होती. वेदनाशामकाने बरे वाटते म्हणून तेच चालू ठेवले आणि मेथोट्रेक्सेटने काहीच होत नाही म्हणून ते तीन महिने सोडले. माझ्या डाव्या मनगटात आज जो वाक आहे तो त्या काळातला आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि सोबत दाहशामक चालू असेल तर मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते, कारण ती मंदावली तर मेथोट्रेक्सेट रक्तात साठते. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते. गर्भवती स्त्रियांनी विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नयेत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. दम्याच्या काही रुग्णांना यांतल्या एका गोळीनेही धाप लागू शकते. पूर्वी ॲस्पिरिनने असा त्रास झाला असेल तर या साऱ्या घराण्यापासून दूर राहावे.

झिजेच्या संधिवातात, विशेषतः गुडघ्याच्या आणि हाताच्या बोटांच्या, गोळीच्या आधी डायक्लोफेनॅकचे मलम वापरून पाहावे असे आज अनेक तज्ज्ञ सांगतात. मलमातले औषध रक्तात अगदी थोडे उतरते, त्यामुळे पोटाचा आणि मूत्रपिंडांचा धोका पुष्कळ कमी होतो. दादांना हे सुचवले गेले तेव्हा त्यांना ते कमी प्रतीचे औषध वाटले होते. मलम चोळून दहा मिनिटांत गुण येत नाही, ते दिवसातून तीन-चार वेळा ठरलेल्या प्रमाणात, आठवडा-दोन आठवडे नेमाने लावावे लागते, आणि लोक नेमके त्याआधीच ते सोडून देतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन थोडे कमी करणे यांनीही गोळीची गरज कमी होते. पॅरासिटामॉल सूज उतरवत नाही, तरी मूत्रपिंडे किंवा पोट दुखावलेल्यांना पुष्कळदा तेच दिले जाते. मात्र तेही निर्धोक समजू नये. प्रौढाला दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, आणि यकृताचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या आणि मिश्र वेदनाशामकांच्या गोळ्यांमध्येही ते मिसळलेले असते, हे मोजताना विसरले जाते.

ज्या एका सूचनेने आमचे संकट टळले असते ती सांगते आणि थांबते. जुलाब, उलट्या, जोराचा ताप किंवा पाणी पोटात न टिकणे, असे काहीही झाले तर दाहशामक त्याच दिवशी थांबवावे, आणि रक्तदाबाची व पाणी काढणारी औषधे त्या दिवसांत घ्यावीत की नाही हे फोन करून डॉक्टरांना विचारावे. आजारपणात औषध चुकवू नये ही आपल्या मनात ठसलेली शिस्त आहे, आणि दादांनी ती पाळली. कोणत्या दिवशी कोणते औषध थांबवायचे असते, हे मात्र त्यांना कोणीच सांगितले नव्हते, मीही नाही.

दादा आता मलम लावतात, रोज सकाळी गुडघ्याचे व्यायाम करतात, आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन तपासून घेतात. गुडघा दुखतो, पण जिना उतरता येतो. त्यांच्या औषधांच्या यादीत नॅप्रोक्सेनचे नाव आजही आहे; त्यापुढे 'घ्यायचे नाही' असे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, आणि माझ्या गोळ्यांच्या डब्यावर माझे नाव आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक